थोरलीचा मान

"आधी थोरल्या आजींच्या पाया पड," वरमाय म्हणाली. नवी नवरी कार्यालयात शेजारी शेजारी बसलेल्या दोघी बहिणींपाशी आली आणि सरळ शेवंतापुढे वाकली.

शेवंताने पाय मागे घेतले. "माझ्या नको बाई, आधी हिच्या. ही थोरली. हिच्या कडेवर वाढले मी."

नवरीने इंदुताईंकडे पाहिलं. काळेभोर केस, ताठ पाठ, चाळिशीचा चेहरा. शेवंता मात्र सोलापुरात जन्मभर विड्या वळून पार वाकली होती, श्वास घेताना छातीत घरघरत होतं.

शरीरातल्या पेशी नव्या करून घेणं आता घरोघरी ऐकून माहीत होतं. इंदुताई त्यासाठी दरवर्षी इस्पितळात जात. मुलाच्या कंपनीचा विमा होता. त्यात आई बसत होती, मावशी बसत नव्हती. पण सख्ख्या दोन बहिणींत एकीला ते मिळावं आणि दुसरीला नाही, हे त्या पोरीच्या मनातही आलं नाही.

ती इंदुताईंच्या कानाशी लागली. "आजींना हल्ली आठवत नाही का काही?"

इंदुताईंनी खरं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. मग यांना का नाही दिलंत?

"हो," इंदुताई म्हणाल्या. "वय झालंय तिचं."

शेवंताने ते ऐकलं. थोरलीकडे तिने क्षणभर पाहिलं, मग पाय पुढे केले आणि हात नवरीच्या डोक्यावर ठेवला.