पोलोग्राउंडमधली चाचणी

सगळे बाहेर ठेल्यावर पोहे-जलेबी खायला गेले, तेव्हा देवेंद्र शेडमध्ये एकटाच राहिला. "उपास आहे भिया," असं सांगून तो मोकळा झाला होता.

पोलोग्राउंडच्या त्या शेडमध्ये अणुवीज केंद्रात असतो तसा, पाणी फिरवणारा पंप बसवला होता. त्याच्यावरचे सेन्सर क्षणाक्षणाचं तापमान क्लाउडवर पाठवत. पंप तापला, की दूर कुठेही बसलेल्या इंजिनिअरच्या स्क्रीनवर अलार्म वाजायचा. आज अणुवीज केंद्राचे सुरक्षा अधिकारी प्रतापराव चाचणी बघायला येणार होते.

सिस्टिम मंजिरीची. निदान आता सगळे तसंच म्हणत. तिला पहिला सेन्सर जोडायला देवेंद्रनेच शिकवलं होतं. आता ती टीमची हेड होती. पेपरात तिचा फोटो आला, तर त्याच्या आईने तो कापून फ्रिजवर चिकटवला. "तुझ्याच ऑफिसातली ना रे? बहोत हुशार पोर आहे!" तेव्हापासून त्याला घरचं पाणीही गोड लागत नव्हतं.

त्याने स्वतःच्या लॉगिनने अलार्मची मर्यादा दुप्पट केली. आता पंप कितीही तापो, अलार्म गप्प बसणार होता.

प्रतापराव आले. मंजिरी सारखी दाराकडे बघत होती.

"सर, थोडं थांबू या का?"

"नको, करा सुरू."

हीटर लागला. स्क्रीनवरचा आकडा चढला, चढतच गेला. अलार्म वाजला नाही. मंजिरीच्या कपाळावर घाम फुटला आणि देवेंद्रला आत कुठेतरी गार वाटलं.

"बंद करा हीटर," प्रतापराव म्हणाले आणि चक्क हसले. "पंप तापला की अलार्म वाजतो, ते मी मागेच पाहिलंय. आज वेगळंच बघायचं होतं. आतल्याच माणसाने गडबड केली, तर तो सापडतो का? दाखवा, मंजिरीजी."

मंजिरीने बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर अलार्मची मर्यादा बदलणाऱ्याचं नाव उमटलं. देवेंद्रचं.



"शाब्बास!" प्रतापरावांनी त्याचा हात हातात घेतला. "म्हणजे मॅडमनी आज चोर बनायचं काम तुम्हाला दिलं होतं तर! बढिया केलंत."

देवेंद्रच्या जिवात जीव आला. "हो ना सर," तो घाईघाईने म्हणाला, "मॅडमनीच सांगितलं होतं. सकाळीच."



"सर," मंजिरी हळूच म्हणाली, "ते काम मी आमच्या अंकुरला दिलं होतं. तो अजून महूहून पोचलाच नाही."