हिरवा दिवा

फोटो स्टुडिओत सर्व्हर बसवला तेव्हाच मी मालकांना बजावलं होतं, "प्रत्येक फोटो दोन्ही डिस्कवर राहतो. एक डिस्क गेली की हा दिवा लाल होईल. लगेच फोन करा, नवीन टाकून देतो. तोवर दुसरी सांभाळून घेईल."

आज दुसरीही गेली. लग्नाचे सगळे फोटो गेले, नवरीचे वडील दारात ठाण मांडून बसले आणि मालक माझ्यावर उखडले.

"दिवा लाल झालाच नाही. हा बघा, अजून हिरवाच आहे."

होता खरा हिरवा. मी वाकून नखाने खरवडला. हिरव्या चिकटपट्टीचा तुकडा निघून आला, खाली दिवा लालभडक.



मालकांचा आवाज एकदम खाली आला, "मोठं गिऱ्हाईक येणार होतं हो. लाल बरा दिसत नव्हता."