साहेबांच्या हातचा घास

सणानिमित्त कंपनीचे मोठे साहेब अनाथाश्रमातल्या पोरांना स्वतःच्या हातानं केक भरवणार होते. ‘पोरांना सकाळपासून काही देऊ नका, म्हणजे चेहऱ्यावर खरा आनंद दिसेल,’ असा निरोप आदल्या दिवशीच आला होता. साहेब उगवले ते दुपार टळल्यावर. यंदाच कामाला लागलेल्या मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण आश्रम चालायचा कंपनीच्या जिवावर, म्हणून त्या तोंड दाबून उभ्या होत्या.

कंपनीच्या फलकासमोर सगळ्यात धाकट्या पोरीला उभं केलं. साहेबांनी तिच्या तोंडात घास घातला, फ्लॅश उडाला, टाळ्या पडल्या. पोरगी मात्र गाल फुगवून तशीच उभी.

“खा की गं राणी, भूक लागलीय ना?” मावशी कळवळून म्हणाल्या.

पोरीनं मान डोलावली. मग घास गालात सांभाळत तिनं फोटोवाल्याकडे बोट दाखवलं.

“थांबा ना मावशी, त्या दादांना आधी फोटो बघू दे. मागच्या सणाला फलकावरचं नाव नीट आलं नव्हतं, तर तोच घास तोंडातून बाहेर काढून परत भरवला होता.”