अख्खं बूच

“झाकण? पत्र्याचं झाकण?” ओतीलियाने सुपरमार्केटमध्येच त्याच्या हातातली बाटली अशी हिसकावली, जसं काही त्याने मेलेला उंदीर धरला होता. “टेल्मो, माझ्या बाबांनी अडतीस वर्षं बुचाच्या कारखान्यात काढलीत! ही बघितली तर लग्नाचं सोड, ते तुला जेवायलासुद्धा बसवणार नाहीत.”

“अगं, दोन युरो एकोणऐंशीत अशी वाईन सगळ्या पोर्तुगालमध्ये मिळणार नाही!”

आता हे खरंच होतं. टेल्मो या बाबतीत पोचलेला माणूस. सातची तीनला अशी पिवळी पट्टी लावलेली बाटली वर्षभर तीनलाच असते, हे त्याला पाठ. एका बाटलीला तीनच्या वर त्याने जन्मात कधी खिशात हात घातला नव्हता, आणि मित्र फोन करकरून त्याला विचारायचे, बाबा रे, या शनिवारी कुठली घेऊ?

“ते वाईन बघत नाहीत,” ओतीलिया म्हणाली. “आधी बूच बघतात. आणि चुरा दाबून केलेलं नको हं, अख्खं पाहिजे. एक वाजता जेवण आहे, आटप!”

आटप म्हणे! प्रत्येक बाटलीच्या तोंडावर तो चकचकीत कागद, आत बूच आहे की प्लास्टिक ते कळणार कसं? टेल्मो एकेका बाटलीचा गळा अंगठ्याने दाबत सुटला. शेजारची एक बाई आपली टोपली उचलून पलीकडे सरकली. शेवटी एका बाटलीच्या मागच्या लेबलवर सापडलं, ‘अस्सल अख्खं बूच’. चार नव्याण्णव! टेल्मोने डोळे मिटून पैसे दिले. वाईन कुठली, कधीची, काही म्हणजे काही वाचलं नाही.

एक वाजता ओतीलियाच्या घरी तिच्या बाबांनी, सेन्योर आदेलीनोंनी, बूच काढलं. वास घेतला. चिमटीत दाबलं. खिडकीकडे धरून गोल फिरवलं. सगळ्यांच्या ताटातलं करडाचं मटण निवायला लागलं, पण कुणी काटा उचलेना.

“अख्खं,” ते म्हणाले. “आपल्या बाजूचं नाही, पण अख्खं.”

मग ते बूच टेबलावरून फिरलं. ओतीलियाच्या आईने हात पुसून घेतलं, बघितलं, मान डोलावली. टेल्मोच्या जिवात जीव आला.

आणि मग सगळ्यांनी घोट घेतला.

ऑलिव्ह मुरवलेलं पाणी परवडलं, इतकं वाईट! आईने एकदम सगळ्यांना बटाटे वाढायला घेतले. ओतीलिया टेल्मोकडे बघेना.

“बूच चांगलं होतं तुमचं,” आदेलीनो म्हणाले, आणि पेला बाजूला सारून आत गेले. आले ते मातीची सुरई घेऊन. “ही घ्या. घरची आहे. माझ्या भावाच्या मळ्यातली.”

टेल्मोने घोट घेतला आणि तो जागच्या जागी थिजला. ही चव! सुपरमार्केटचा सगळ्यात खालचा कप्पा, पाच लिटरचा पुठ्ठ्याचा खोका, प्लास्टिकची तोटी, आठ युरो एकोणपन्नास. गेल्याच शनिवारी त्याने चार मित्रांना तो घ्यायला लावला होता. बुचाचा तर पत्ताच नाही त्यात!

शब्द अगदी ओठांवर आले. चांगला भाव सापडला आणि टेल्मो गप्प बसला, असं आजवर कधी झालं नव्हतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. आदेलीनोंचा घास हातातच राहिला. आईचा बटाट्याचा चमचा हवेत.

“काय?” आदेलीनोंनी विचारलं. “आवडली नाही?”

टेल्मोने आणखी एक घोट घेतला. सावकाश.

“सेन्योर आदेलीनो,” तो म्हणाला, “असली वाईन दुकानात मिळत नाही.”

आदेलीनो त्याच्याकडे बघत राहिले. मग सुरई उचलून त्यांनी टेल्मोचा पेला काठोकाठ भरला, राहिलेली सुरई आपल्या पेल्यात उपडी केली, आणि रुमाल टेबलावर टाकून उठले.

“चल रे, जरा आत ये माझ्याबरोबर.”

“मी?”

“मग कोण? तळाशी आलीये. एकट्याला तिरकं करून तोटीखाली सुरई धरता येत नाही.”

टेल्मो आत गेला, आणि आदेलीनोंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.