आबांची गाडी सुटत नाही

वाफेच्या दाबाचा काटा लाल खुणेवर येऊन थांबला, तरी आबांनी गाडी सोडली नाही.

गुडघ्याएवढ्या उंचीचं ते काळं वाफेचं इंजिन रुळावर फुसफुसत उभं होतं. त्याला जोडलेल्या ट्रॉलीवर दोन्हीकडे पाय सोडून ब्याऐंशी वर्षांचे चुडामण आबा बसले होते. केळीच्या बागेला वळसा घालणारा हातभर रुंदीचाही नसलेला तो रूळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पन्नासेक माणसं. अर्धी बुऱ्हाणपूरची, अर्धी आबांच्या गावाहून, डोईफोडियाहून, टेम्पो करून आलेली. डोईफोडियात आबांच्या घराला आजही 'डायवरचं घर' म्हणतात.

इंजिन बनवलं होतं त्यांच्या मुलानं, नंदकुमारनं. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या आपल्या खरादीच्या, म्हणजे लेथच्या, दुकानात पॉवरलूमचे पार्ट करता करता त्यानं या खेळण्यावर सात वर्षं घालवली. लोकांनी खुळा म्हटलं, त्यानं म्हणू दिलं. त्याचा हट्ट एकच, पहिली फेरी आबांच्या हातची. चाकं हवेत धरून त्यानं इंजिन फिरवून पाहिलं होतं, पण रुळावर वीतभरही चालवलं नव्हतं.

"लिंबू काढा रे ते!" आबांचे शेजारी लोटूकाका ओरडले. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू त्यांनीच ठेवलं होतं. "एवढुशी गाडी, घसरंन म्हणून थांबले असतीन!"

लिंबू काढलं. गाडी हलली नाही. सून मनीषाला वाटलं, आबांची साखर कमी झाली असेल. तिनं मावा जिलेबीचा तुकडा आणून दिला. आबांनी तो नीट चावून खाल्ला, बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा भट्टीत कोळसा टाकायला घेतला. कुणी म्हणालं मुहूर्त पाहताहेत, कुणी म्हणालं ऐकू आलं नसेल. जितकी तोंडं तितकी कारणं.

कोळसा मात्र ते असा टाकत होते की पाहत राहावं. कोळशाचं फावडं, बेलचा, चमच्याएवढा, पण एक खडा वाया नाही. आधी कोपरे, मग मधे, पातळ थर. धूर काळा होऊ दिला नाही, काटा खाली येऊ दिला नाही. वाफ जास्त झाली तसा सेफ्टी व्हॉल्व्ह कर्कश्श आवाजात उडाला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

"छोडो डायवर बाबा, छोडो!"

आबांनी मान वर केली नाही. नक्की इंजिनातच काही खोट आहे, आबांना ती दिसली आहे आणि चारचौघांत मुलाची फजिती नको म्हणून ते गप्प आहेत, असं नंदकुमारनं ठरवून टाकलं. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"आबा, काय चुकलं माझं? व्हॉल्व्ह? पिस्टन?"

"काही नाही चुकलं. लय भारी बनवलं तू."

"मग सोडा ना! दांडी ओढा."

"दांडीवर माझा हात नाही चालत, नंदू."

"म्हणजे? विसरलात का?"

आबा भट्टीतल्या विस्तवाकडे पाहतच म्हणाले, "इसरायले आधी हात तं लागला पायजे. मी फायरमन होतो. सारी नोकरी कोळसा टाकला. डायवर मी कधीच नव्हतो. अन् आज एवढ्या लोकाईसमोर दांडी ओढली, तं मीच खोटं बोलल्यासारखं होईन."

नंदकुमारला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो चिडला. लग्नाच्या पत्रिकेत 'रेल्वे ड्रायव्हर चुडामण यांचे चिरंजीव' असं छापलं होतं, तेव्हा हा माणूस शेजारी बसून पत्रिकांना कुंकू लावत होता! पेन्शनचे कागद पेटीत कुलूपबंद का असत, तेही आता उमगलं. आणि आबांच्या साऱ्या गोष्टी आठवल्या. ओला कोळसा, राख, दारातून अंगावर येणारी धग. वळणाची नाही, ब्रेकची नाही, एकही नाही. सात वर्षं आपण कुणासाठी राबलो, हेच त्याला समजेना. समोर पन्नास मोबाइल वर झालेले होते. राग आला होता, रडूही येत होतं.

तो उठला आणि ट्रॉलीवर आबांच्या मागे खेटून बसला. त्यांच्या खांद्यावरून हात पुढे घातला.

"तुम्ही कोळसा टाका," तो म्हणाला आणि त्यानं दांडी ओढली.

चाकं एकदा जागच्या जागी फिरली, मग त्यांनी रूळ धरला. गाडी निघाली. समोरून पाहणाऱ्यांना आबाच दिसत होते. "डायवर बाबा की जय!" लोटूकाकांनी टोपी उडवली. गाडी वळणावर आली आणि केळीच्या पानांआड माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा नंदकुमारनं आबांच्या कानाशी तोंड नेलं.

"एवढी वर्षं गावाशी खोटं का बोललात, आबा? माझ्याशी तरी?"

"मी कुठी बोललो?" आबांनी मागे न पाहता बेलचाभर कोळसा आत टाकला. "तुले पहिलीत टाकायले नेलं, तं मास्तरनं तुलेच विचारलं, बाप काय करतो. तू छाती काढून म्हणला, माझा बाप रेल चालवतो. मास्तरनं तसंच लिहून घेतलं, गावानं तसंच धरलं. अन् तुझं ते तोंड पाहून, बाळा, माझ्यानं 'नाही' म्हणवलं नाही."