साठ गिरक्या

"हा आवाज कधीपासून येतोय?" मंजप्पाचा गुडघा वाकवत डॉक्टरांनी विचारलं. कटकट बाकावरच्या सुगुणालाही ऐकू आली.

"झाली असतील पंधरा वर्षं. घुंगरांपुढे कुणाला ऐकू येतोय!" मंजप्पा हसला. यक्षगान या कानडी लोकनाट्यातला नावाजलेला अभिमन्यू तो. गुडघे टेकून साठ गिरक्या घ्यायचा आणि लोक त्या मोठ्यानं मोजायचे. आज संध्याकाळच्या खेळात तो द्रोण होणार होता. अभिमन्यू होणार होती त्याची वीस वर्षांची लेक, सुगुणा. एक गिरकी कमी पडली तर माझं नाक कापलं जाईल, असं त्यानं तिला बजावलं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "हाडांमधली गादी झिजलीय. हाडावर हाड घासतंय. आधी तालमीनंतर दुखायचं, मग जिना उतरताना. मग सकाळी उठल्यावर पाय घटकाभर आखडायचा. खरं ना?"

"वय झालं की, डॉक्टर."

"सगळं वयावर ढकलू नका. चाळीस वर्षं देवळांच्या फरशीवर गुडघे घासलेत. आता चाला, मांड्यांत ताकद आणा. त्यानं दुखणं कमी होईल. गेलेली गादी मात्र परत येत नाही."

सुगुणाचा हात केव्हाचा स्वतःच्या गुडघ्यावर होता. "अप्पय्या, जिना उतरताना माझाही दुखतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

मंजप्पानं उठून तिला स्वतःच्या जागी बसवलं. डॉक्टरांनी तिचाही गुडघा तपासला. "हिची गादी शाबूत आहे," ते म्हणाले, "अजून तरी."

संध्याकाळी देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. अभिमन्यूनं गुडघे टेकले आणि लोक मोजू लागले. दहा, अकरा, बारा. द्रोणानं हात वर केला. मृदंगासारखं ताल धरणारं मद्दळे थांबलं. सुगुणा बापाकडे बघत उभी राहिली.

"काय हो मंजप्पा," मागून एक म्हातारा ओरडला, "बारातच दम संपला पोरीचा?"

हशा पिकला. मंजप्पा आसनावरून सावकाश उठला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं पायांत घुंगरू बांधले नव्हते. गुडघ्याची कटकट पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि हशा विरला.

"बारा तिच्या," तो ताठ मानेनं म्हणाला. "उरलेल्या अठ्ठेचाळीस मी आधीच घेऊन ठेवल्यात."