कोलारचे फोटो

मेधाने आपली उशी बेडरूममध्ये आणून ठेवली, कपाटात चार ड्रेस अडकवले आणि विचारलं, "विमान कधी उतरतंय?"

"तासाभरात. निघायला हवं," सौमित्र म्हणाला. "मेधा, तू आलीस, खरंच..."

"बाबांसाठी आलेय. ते परत गेले की मीही जाईन. बाकी काही बोलू नकोस."

सिंगापूरमधलं, टॅम्पिनीसचं हे घर सोडून मेधाने क्वीन्सटाउनला, ऑफिसजवळ खोली घेतली होती. घटस्फोटाचं ठरून गेलं होतं. पुण्याला सौमित्रच्या आईबाबांना मात्र यातलं काही कळवलेलं नव्हतं. बाबांची बायपास नुकतीच झालेली. कोणत्या तोंडाने सांगणार? आई आणि बाबा एका वेळी फोनवर कधी सापडायचे नाहीत, ते एका अर्थी बरंच होतं. एकेकाला थाप मारणं सोपं जातं.

बाबा येत होते ते फोटोंसाठी. त्यांचे आजोबा कोलारच्या सोन्याच्या खाणीवर कारकून होते. मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांना जुना कॅमेरा मिळाला आणि त्यांनी सोन्यापायी माळावर उठलेल्या त्या गावाचं रोजचं जगणं टिपून ठेवलं. निवृत्तीनंतर बाबांनी त्या काचेच्या निगेटिव्ह साफ करून घेतल्या. आता सिंगापूरच्या मराठी मंडळींनी एक हॉल घेऊन त्यांचं प्रदर्शन ठरवलं होतं. तिथे बाबांनी बोलायचं होतं.

पहिले काही दिवस निभावले. मेधा थालीपीठं लावायची, आईंना घेऊन भाजीला जायची. सौमित्र जमिनीवर झोपायचा आणि दार उघडायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवायचा. आईने पहिल्याच दिवशी आपली गादी हॉलमध्ये टाकली होती. "एसीने सांधे धरतात रे माझे," ती म्हणाली.

सकाळी तिने बाबांच्या चहात साखर घातली.

"साखर बंद केलीय मी," बाबा म्हणाले.

"हो की," म्हणत आईने कप बदलला.

आई आता विसरायला लागली, सौमित्रच्या मनात आलं. त्याला आणखीच अपराधी वाटलं. अशा वयात यांना आपण काय दाखवणार आहोत?

प्रदर्शनाला बरीच गर्दी झाली. भिंतींवर कोलार मांडलं होतं. नळावर घागरी घेऊन ओळीत उभ्या बायका, झाडाखालचा न्हावी, पाळी संपवून वर आलेले आणि झडतीसाठी हात वर करून उभे राहिलेले मजूर, बाजारात टोपलीवर झोपलेली म्हातारी.

"यात सोनं कुठे दिसत नाही," कोणीतरी म्हणालं.

"गावाने ते पाहिलंच नाही," बाबा म्हणाले. "सोनं साहेबाकडे जायचं. गावाच्या वाट्याला धूळ आणि खोकला."

मग ते शेवटच्या फोटोपाशी आले. खाणीच्या चाळीतलं एक जोडपं. नवरा पाटावर बसलेला, बायको वाढायला वाकलेली.

"हे माझे आजी-आजोबा. कॅमेरा मित्राच्या हातात दिला होता. नीट पाहा, ताटात काही नाही. पळीही कोरडी आहे. त्या कॅमेऱ्यापुढे जरा हललं की चेहरा पुसट व्हायचा, म्हणून दोघं श्वास रोखून बसलीत. हा फोटो गावी पाठवायचा होता ना! आमचं छान चाललंय, हे घरच्यांना दिसायला हवं होतं." बाबा फोटोकडे वळले. "माणूस किती वेळ श्वास रोखून धरणार?"

आई उठली आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

मेधाने सौमित्रचं मनगट घट्ट धरलं. किती महिन्यांनी तिचा हात लागला होता! "त्यांना कळलंय," ती पुटपुटली.

त्यालाही दुसरं काही वाटेना. घरी परतल्यावर बाबा इमारतीखालच्या बाकावर टेकले तेव्हा त्याने धीर गोळा केला. "बाबा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"नको," बाबा घाईने म्हणाले. "आपल्या हातात काही नसलं की ऐकून तरी काय करायचं? तुमचं बरं चाललंय, एवढंच घेऊन जाऊ दे मला."

सौमित्र वर आला. मेधा बॅग भरत होती.

"थांबशील?" त्याने विचारलं.

"भांडावंसं वाटलं असतं तर थांबले असते रे," ती बॅगेची चेन ओढत म्हणाली. "आता तेवढंही वाटत नाही."

आईबाबांना दिसू नये म्हणून त्याने तिची मिटलेली बॅग कपाटात सरकवली.

दुसऱ्या दिवशी चांगी विमानतळावर आईबाबांचं सामान पुढे गेलं. मेधाने आईंना वाकून नमस्कार केला. आईंनी तिला जवळ ओढलं आणि त्यांना सोडवेना, तसे दोघींचेही डोळे भरून आले. थोड्या वेळाने मेधा तोंड धुवायला गेली. बाबांचा घसा कोरडा पडला होता, म्हणून सौमित्र पाणी आणायला गेला.

बाटली घेऊन तो मागच्या बाजूने आला. खुर्च्यांवर आई आणि बाबा शेजारी शेजारी बसले होते. बाबा आईकडे न पाहता बोलत होते.

"मुंबईला उतरलं की तुझ्यासाठी वेगळी गाडी सांगितलीय. तू तुझ्या घरी जा, मी माझ्या. आणि कोर्टाच्या तारखेचं पोरांना कळू द्यायचं नाही. त्यांचा संसार किती छान चाललाय, पाहिलंस ना?"